रोलरवरची लिनिया

गाडी जागच्या जागी उभी होती आणि स्पीडोमीटरचा काटा दीडशेच्या पुढे गेला होता. पुढची चाकं जमिनीत बसवलेल्या लोखंडी रोलरवर फिरत होती, मागच्या चाकांना लाकडी गुटके, बोनेटसमोर पुरुषभर उंचीचा ब्लोअर. टेम्पोत कपाटं बांधतात तसले जाडे पट्टे चारी बाजूंनी आवळलेले आणि ते थरथरत होते. अंधेरी एमआयडीसीतल्या त्या गाळ्यात मी काचेमागच्या केबिनमध्ये उभा होतो. आवाज कानांपेक्षा छातीत जास्त जाणवत होता. मनात एकच विचार : पट्टा सुटला तर गाडी समोरच्या भिंतीतून थेट शेजारच्या प्लास्टिकवाल्याकडे.

बारा-तेरा सेकंदांत सगळं संपलं. ट्यूनरने, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून देणाऱ्याने, पाय उचलला, रोलर घरघरत मंदावला, तापलेल्या रबराचा वास केबिनमध्ये आला. स्क्रीनवर दोन वाकड्या रेषा आणि खाली आकडा : ८६.

"८६ काय?" मी विचारलं.

"पीएस. चाकांवर. टॉर्क १५८." मग तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, "दादा, ही गाडी आजारी आहे. आज ट्यूनिंग नाही."

पीएस म्हणजे घोडे, टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. मी आलो होतो ताकद वाढवायला. गाडी २०११ची फियाट लिनिया टी-जेट, मी दुसऱ्या हाताने घेतलेली. १३६८ सीसी, छोटा टर्बो, कंपनीचा आकडा ११४ पीएस आणि २०७ न्यूटन मीटर. याच १.४ लिटरच्या टी-जेट इंजिनातून फियाटने २०१५ साली आपल्याकडे अबार्थ पुंटो विकली, तिला १४५ पीएस होते. तो १४५ माझ्या डोक्यात कित्येक वर्षं घर करून बसला होता. त्यात गेलं वर्षभर गाडीचं पिकअप गेलेलं. कसारा घाटात मागची डिझेल गाडी हॉर्न देऊन पुढे जायची. नेहमीच्या सर्व्हिसवाल्याला दोनदा दाखवली, दोन्ही वेळा एकच उत्तर : "जुनी गाडी आहे साहेब, एवढं चालायचंच." मला वाटलं, ठीक आहे, सॉफ्टवेअरनेच काय ते होईल.

येण्याआधी ट्यूनरने व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवली होती. ऑइल ताजं हवं, टायर टणक झालेले नकोत, कूलंट पूर्ण, आणि टाकीत पेट्रोल अर्ध्याच्या वर. पेट्रोलच्या ओळीखाली त्याने रेघ मारली होती : रोज जे भरणार तेच भरून या. लोक म्हणे खास १०० ऑक्टेन भरून येतात, छान आकडा घेऊन जातात आणि दुसऱ्या आठवड्यापासून साधं पेट्रोल भरून इंजिन झिजवतात. मी भांडुपच्या नेहमीच्या पंपावर ९५ ऑक्टेन भरलं आणि जेव्हीएलआरवर मेट्रोच्या खांबांमधून सरपटत तासाभराने पोचलो.

हे रोलरचं मशीन म्हणजे डायनो. डायनो म्हटलं की लोकांना वाटतं, हे मशीन घोडे मोजतं. मोजत नाही. डिप्लोमाला असताना लॅबमध्ये आमच्याकडे रोप ब्रेक होता : एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनच्या ड्रमवर दोरी गुंडाळलेली, एका टोकाला वजनं, दुसऱ्याला स्प्रिंग बॅलन्स, आणि ड्रम तापू नये म्हणून एक जण त्यावर पाणी ओतणार. तो एक जण बहुतेक वेळा मीच असायचो. दोरीच्या जळक्या वासात आम्ही काय मोजायचो? ओढ आणि फेरे. म्हणजे टॉर्क आणि आरपीएम. ताकद त्यातून गुणाकाराने निघते : न्यूटन मीटर गुणिले आरपीएम, भागिले ७०२३, की पीएस आले. गास्पार द प्रोनीने १८२१ साली पॅरिसमध्ये जो ब्रेक केला त्याचंही तत्त्व हेच.

इथे दोरीच्या जागी रोलर. त्याचं जडत्व ठाऊक असतं. गाडी त्याला किती झपाट्याने फिरवते यावरून टॉर्क काढतात. शिवाय या रोलरला विजेवर चालणारा चुंबकी ब्रेकही होता. रोलर नुसता वेगाने फिरवला तर सरळ धाव मोजता येते, पण ट्यूनिंग करताना इंजिन ३००० आरपीएमवर भाराखाली धरून ठेवायचं असतं, म्हणजे त्या एका ठिकाणचं पेट्रोल आणि ठिणगीचं टायमिंग निवांत बघता येतं. रस्त्यावर हे करायचं तर घाट हवा, आणि घाटात ट्रक नसायला हवेत. मुंबईत तर प्रश्नच मिटला. ईस्टर्न फ्रीवेवर ८०ची मर्यादा आणि वर कॅमेरे.

तर ८६. ट्यूनरने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "हे बघा, ईसीयू ०.८ बार बूस्ट मागतोय. वर मिळतंय ०.५५. आणि ही खालची रेघ म्हणजे वेस्टगेटची कमांड. मिळत नाही म्हणून तो दाबत चाललाय, दाबत चाललाय." साध्या भाषेत : ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बूस्ट म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, वेस्टगेट म्हणजे टर्बोला आवरणारी झडप. टर्बो हवा कोंबतोय, हवा वाटेत कुठेतरी निसटतेय आणि ती भरून काढायला टर्बो गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरतोय. "यावर मी बूस्ट वाढवलं असतं तर आकडा थोडा सुधारला असता. सहा महिन्यांनी टर्बो घेऊन आला असतात."

एअर फिल्टरच्या बाजूने पाइपला बूच लावून कॉम्प्रेसरची हवा अगदी हळू सोडली. हेल्पर पोरगा स्प्रेच्या बाटलीतून साबणाचं पाणी मारत एकेक जोड तपासत गेला. टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरपासून थ्रॉटलकडे येणाऱ्या रबरी पाइपच्या खालच्या अंगाला, क्लिपच्या बरोबर मागे, फेस उकळल्यासारखा वर यायला लागला. पाइप काढून उलटा केला. वरून चकाचक. खाली बोटभर चीर, ऑइल पिऊन रबर गुळासारखं मऊ झालेलं. हात न लावता बघितलं तर जन्मात दिसली नसती. दोन सर्व्हिसिंगचं बिल मला आठवलं. बोललो काही नाही, टपरीवर जाऊन कटिंग प्यायलो.

लिनिया आता बनत नाही, त्यामुळे मूळ पाइप मिळणं म्हणजे नशीब. पुढचे चार दिवस कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फिरलो. पहिल्या दुकानदाराने लिनियाचं नाव ऐकून "अरेरे" म्हटलं. तिसऱ्याकडे दुसऱ्या गाडीतून काढलेला पाइप होता, त्यालाही चीर. शेवटी मापाचा सिलिकॉनचा बेंड घेतला आणि रुंद पट्टीच्या दोन क्लिपा. सोबत नवे स्पार्क प्लगही. बूस्ट वाढलं की सिलिंडरमधल्या दाट हवेत ठिणगी विझू शकते, म्हणून ट्यूनरने नंतर त्यांची गॅप जराशी कमी केली.

दुसऱ्या खेपेला बाबा बरोबर आले. बाबा विक्रोळीच्या एका कंपनीतून टर्नर म्हणून निवृत्त झालेत आणि त्यांच्या मते मोटारीचा इतिहास प्रीमियर पद्मिनीपाशी संपतो. आमची पद्मिनी कुर्ल्याच्याच कारखान्यातली. १०८९ सीसी, घोडे चाळीसच्या आसपास, आणि त्यात आम्ही सहाजण महाबळेश्वरला जाऊन आलो, हे मी आजवर किमान शंभरदा ऐकलंय. ट्यूनरनेही गाळ्यात पाऊल टाकल्यापासून दहा मिनिटांत ऐकलं.

"काका, तुम्ही टायमिंग कसं सेट करायचात?"

"कानाने," बाबा म्हणाले. "डिस्ट्रिब्युटर ढिला करायचा, केसभर फिरवायचा. चढाला गाडी टिकटिकली की केसभर मागे."

ट्यूनर हसला नाही. मान डोलावली. तिथून पुढे त्या दोघांचं जमलं आणि मी हरकाम्या झालो.

नवा पाइप बसवून पहिली धाव : ९७ पीएस, १८३ न्यूटन मीटर. सॉफ्टवेअरचं एक अक्षर न बदलता अकरा पीएस परत आले. कंपनीचे ११४ हे फ्लायव्हीलवरचे. मधे गिअरबॉक्स, शाफ्ट, टायर आपापला वाटा खातात, त्यामुळे चाकांवर ९७ म्हणजे गाडी जवळपास कारखान्यातून आली तशी झाली. खरं सांगतो, तिथेच थांबून घरी गेलो असतो तरी चाललं असतं. पण १४५ डोक्यातून जात नव्हता.

मग पेट्रोल. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि लिनियाच्या काळात तसं कोणी धरलेलं नव्हतं. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला हवेचे १४.७ भाग लागतात. इथेनॉलला नऊच. मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेत पेट्रोल जास्त घालायला हवं. संथ चालताना एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि ईसीयू आपोआप भर घालतो. माझ्या गाडीत ती भर अधिक ८ टक्के दिसत होती. पण पाय पूर्ण दाबला की हा जुना ईसीयू सेन्सरचं ऐकत नाही, आतल्या तक्त्यावर चालतो. ट्यूनरने सायलेन्सरच्या तोंडात स्वतःचा वाइडबँड सेन्सर खुपसला होता. त्यावर ४५०० आरपीएमला लॅम्डा ०.९२ (१ म्हणजे हवा-पेट्रोल बरोबर मापात, त्याखाली पेट्रोल जास्त). टर्बो इंजिनला पूर्ण भाराखाली हे कोरडं आहे. त्याला हवं होतं ०.८२ च्या आसपास, कारण वरचं न जळलेलं पेट्रोल सिलिंडर थंड ठेवतं.

"इथेनॉलला शिव्या सगळेच देतात," तो म्हणाला. "ऑक्टेन वाढवतं ते, तेवढं त्याचं चांगलं. फक्त त्याला त्याचं माप द्या. मायलेज मात्र पडणारच, त्याला माझ्याकडे इलाज नाही."

बदललेल्या मापांची फाइल ओबीडी सॉकेटमधून, म्हणजे तपासणीचं मशीन जोडतात तिथून, ईसीयूच्या आत जाते. आधी बॅटरीला चार्जर जोडला, कारण लिहिताना व्होल्टेज पडलं तर ईसीयूचा दगड होतो. बाबांनी विचारलं, लाइट गेली तर? "काका, मुंबईत आहोत," ट्यूनर म्हणाला. तरी कोपऱ्यात इन्व्हर्टर होताच.

पुढचे तीन तास कंटाळवाणे होते आणि तेच खरं काम होतं. एक बदल, फाइल आत, एक धाव, मग सहा-सात मिनिटं थांबा. थांबायचं ते हवेसाठी. धावेच्या सुरुवातीला इंजिनात जाणारी हवा ३८ अंश, शेवटी ६१. ब्लोअर कितीही मोठा असला तरी तो गाळ्यातलीच ऊन हवा फेकतो, रस्त्यावरचा वारा तो नव्हे. इंटरकूलर तापलेला असताना लगेच दुसरी धाव घेतली तर गाडी कमी दाखवते आणि तुम्ही भलतंच दुरुस्त करत बसता. माझ्या हातातला कागद ब्लोअरने दोनदा उडवला. दुसऱ्यांदा तो रोलरच्या खड्ड्यात गेला आणि तिथेच राहिला.

बूस्ट ०.८ वरून ०.९, मग १ बार. ३४०० आरपीएमच्या आसपास लॉगमध्ये दुसऱ्या सिलिंडरचं टायमिंग अचानक तीन अंश मागे गेलेलं दिसलं. नॉकिंग. ठिणगीने पेटवलेली ज्वाळा पोचायच्या आत उरलेलं मिश्रण स्वतःहून भडकतं, तेव्हा होणारा तो ठोका. ब्लॉकवरचा सेन्सर तो ऐकतो आणि ईसीयू टायमिंग मागे घेतो. पण सेन्सर कधी दुसऱ्याच आवाजाला फसतो, म्हणून ट्यूनर स्वतःही ऐकतो. ब्लॉकला चिकटवलेला माइक, लांब वायर आणि विमानतळावर जमिनीवरची माणसं घालतात तसले हेडफोन.

ते त्याने बाबांच्या कानांवर चढवले.

आयडलवर बाबांनी लगेच निकाल दिला : "टॅपेट वाजतायत."

"इंजेक्टर आहेत काका. टॅपेट हायड्रॉलिक आहेत याच्यात."

बाबांनी यावर विश्वास ठेवल्यासारखं केलं. मग हेल्परने गाडी रोलरच्या ब्रेकवर ३४०० ला धरली, भार चढवत नेला. बाबा डोळे मिटून उभे, एक हात केबिनच्या टेबलावर. लॉगमध्ये आकडा हलायच्या किंचित आधी की नंतर ते मला सांगता येणार नाही, पण त्यांनी बोट वर केलं. "हे. मडक्यात खडे टाकल्यासारखं." ट्यूनरने हेडफोनची एक बाजू स्वतःच्या कानाला लावली. पुन्हा भार. "बरोबर." आणि तक्त्यातल्या त्या खान्यात टायमिंग दीड अंश मागे घेतलं, आजूबाजूच्या खान्यांत थोडं थोडं. बाबा परत येताना गाडीत म्हणाले, "केसभर म्हणजे दीड अंश. लिहून ठेव."

मी अजून १४५ च्या मागे होतो. ट्यूनरला म्हटलं, वाढव की आणखी. त्याने १.१ बारवर एक धाव घेतली. मधल्या भागात आवाज अचानक चढला, आरपीएमची सुई उडाली आणि रोलर मात्र त्या हिशेबाने वेग घेईना. आलेखात टॉर्कची रेघ २२५ च्या पुढे जाऊन करवतीसारखी खाली आली. क्लच घसरत होता. किंचित गोडसर जळका वास आला. बाबांनी नाक वर केलं. या बाबतीत त्यांना हेडफोन लागले नाहीत.

"नवा क्लच टाकून या, मग बोलू," ट्यूनर म्हणाला. तोवर त्याने खालच्या आरपीएमचा टॉर्क बांधून टाकला आणि बूस्ट १ बारवर ठेवलं. शेवटची धाव : ११८ पीएस, २१४ न्यूटन मीटर, चाकांवर.

माझ्या डोक्यात लगेच गणित : चाकांवर ११८ म्हणजे फ्लायव्हीलवर १३८-१४०, म्हणजे जवळजवळ... त्याला म्हटलं, तो आकडाही छापून दे. त्याने नकार दिला. "मी चाकांवर मोजलंय, चाकांवरचंच देणार." वर त्याने एक गंमत दाखवली. तीच धाव, तेच माप, फक्त सॉफ्टवेअरमध्ये हवामानानुसार आकडा दुरुस्त करायचं मानक बदललं. इंजिन बंद असताना आकडा बदलला. जर्मन डीआयएन मानक हवा २० अंशांची धरतं, अमेरिकेचं एसएई २५ ची, आणि गाळ्यात होते ३३ अंश अन् मुंबईची दमट हवा. हवेतली वाफ ऑक्सिजनची जागा खाते, त्याचाही हिशेब कोणी कसा धरतो, कोणी कसा. त्यात टर्बो इंजिन हवेतली कमतरता बूस्टने थोडीफार भरून काढतं, मग वरून दुरुस्ती लावली की आकडा फुगतोच. एखाद्याने आपल्या गाडीचा डायनोचा कागद नाचवला की मी आता आधी खालची बारीक अक्षरं वाचतो. माझ्या कागदावर पहिली आणि शेवटची धाव एकावर एक छापली आहे, एकाच रोलरवरची, एकाच मानकातली. ८६ आणि ११८.

माझी नोकरी विम्याच्या दाव्यांची, त्यामुळे एक गोष्ट मी गाळ्यात जायच्या आधीच केली होती : विमा कंपनीला बदल लेखी कळवणं. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल कडक आहे, आणि न कळवलेला बदल अपघातानंतर सापडला की काय होतं ते मी टेबलाच्या पलीकडून रोज बघतो. उत्तर येईपर्यंत तीन आठवडे गेले, प्रीमियम वाढला. ट्यूनिंगनंतर पीयूसी पुन्हा काढलं, पास झाली. पुण्यात राहणाऱ्या मेहुण्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, एवढ्या पैशांत दोन नवे टायर आले असते. चुकीचं नाही म्हणत.

शहरात फरक विचाराल तर एलबीएस रोडवर गांधीनगरपासून भांडुपपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये ११८ काय आणि ८६ काय. फक्त सिग्नल सुटल्यावर पूर्वी जो एक सुस्कारा टाकून गाडी निघायची, तो गेला. इतकी वर्षं मी त्याला टर्बोचा स्वभाव समजत होतो. ती चीर होती.

पुढच्या महिन्यात आत्याकडे साताऱ्याला निघालो. गाडीत पाचजण, डिकीत आंब्याच्या दोन पेट्या, वर एसी. खोपोली मागे पडली, चढ लागला, मी तिसऱ्यात टाकून पाय दिला. बाबा पुढे बसले होते. त्यांनी न विचारता एसी बंद केला, काच खाली घेतली आणि डोकं थोडं बाहेर काढून बसले. मागून आई ओरडली, धूळ येतेय. बाबांनी हात वर करून तिला गप्प केलं. अमृतांजन पूल जिथे होता तिथपर्यंत तसेच बसले होते.

मग काच वर केली. "नाही वाजत," म्हणाले, आणि एसी लावला.